तापलेल्या अंगणाचा हिशेब

उत्तर अमेरिकेतील थंड प्रदेशांत घराचे गॅरेज आणि सार्वजनिक रस्ता यांना जोडणारी जी खासगी फरसबंद वाट असते तिला ड्राइव्हवे म्हणतात, आणि हिवाळ्यात तिच्यावर साचणारा बर्फ आपोआप वितळावा म्हणून काही घरमालक तिच्या पोटात विजेच्या तारा किंवा गरम द्रवाच्या नळ्या घालून घेतात. बुलढाणा जिल्ह्यात घाटावर काय आणि घाटाखाली काय, बर्फ पडत नाही. तरीही शेगावच्या श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या, १९८३ पासून अभियंते घडवणाऱ्या संस्थेतून बाहेर पडून परदेशी गेलेल्यांची कुटुंबे जेव्हा शिकागो, मिनियापोलिस किंवा टोरांटोच्या परिसरात घर घेतात, तेव्हा हिवाळ्यातील या वाटेचे काय करायचे हा प्रश्न त्यांच्यापुढे घराच्या हप्त्यांइतकाच ठामपणे उभा राहतो. गावाकडील आईवडील बहुधा मे ते सप्टेंबर या काळात तिकडे जातात आणि उत्तर अमेरिकेतील मराठी लोकांच्या बृहन्महाराष्ट्र मंडळाची, १९८४ साली शिकागोत सुरू झालेली अधिवेशनेही उन्हाळ्यातच भरतात, त्यामुळे इकडच्या नातेवाइकांच्या नजरेस ती वाट कोरडी आणि हिरवळीने वेढलेलीच पडते. तिच्यावरील हिवाळ्याचा खर्च समजून घ्यायचा तर आधी बर्फ वितळवण्यास किती उष्णता लागते याचा हिशेब मांडावा लागतो, कारण पुढचा सगळा खर्च त्या एका आकड्यातून निघतो.

शून्य अंश सेल्सिअसवरील एक किलो बर्फाचे शून्य अंशावरीलच पाणी करण्यास ३३४ किलोज्यूल उष्णता लागते. तापमान तसूभरही न वाढवता केवळ घन पदार्थाचा द्रव करण्यात खर्ची पडणाऱ्या या उष्णतेला विज्ञानात वितळण्याची अप्रकट उष्णता म्हणतात, आणि ती किती मोठी आहे हे यावरून कळते की तेवढ्याच उष्णतेत एक किलो पाणी शून्यापासून जवळजवळ ८० अंशांपर्यंत तापते. उणे ५ अंशांवरील बर्फ शून्यावर आणणे, तो वितळवणे आणि झालेले पाणी पुन्हा गोठू नये म्हणून दोन अंशांपर्यंत नेणे हे तिन्ही टप्पे एकत्र धरले, तर किलोमागे सुमारे ३५३ किलोज्यूल, म्हणजे विजेच्या भाषेत एका युनिटाचा जवळपास दहावा भाग लागतो. आता दोन मोटारी शेजारी शेजारी उभ्या राहतील अशी ६० चौरस मीटरची, म्हणजे साधारण ६५० चौरस फुटांची वाट घेतली आणि एका रात्रीत तिच्यावर १५ सेंटिमीटर ताजा बर्फ पडला असे मानले, तर भुसभुशीत ताज्या बर्फाची घनता पाण्याच्या साधारण दहाव्या भागाइतकी असल्यामुळे तिथे सुमारे ९०० किलो बर्फ साचलेला असतो आणि तो वितळवण्यास कागदावर ८८ युनिटे पुरतात.

प्रत्यक्षात मात्र ती पुरत नाहीत. बर्फाला उष्णता मिळण्याआधी काँक्रीटचा थर स्वतः तापावा लागतो. १० सेंटिमीटर जाडीचा थर उणे ५ अंशांवरून अधिक ३ अंशांवर आणण्यास ६० चौरस मीटरच्या वाटेसाठी सुमारे २८ युनिटे लागतात, आणि तोवर बर्फाचा एक कणही वितळलेला नसतो. त्याखेरीज खालची जमीन आणि वरून वाहणारा गार वारा ही दोघेही आपापला वाटा उचलतात, आणि वारा जोराचा असेल तर तो वाटा बर्फाच्या वाट्याएवढाही होऊ शकतो. म्हणून मध्यम हिमवर्षावाच्या एका रात्रीला दोनशे युनिटांच्या आसपास वीज धरावी लागते. महावितरणच्या घरगुती दरपत्रकातील पहिला टप्पा शून्य ते १०० युनिटांचा आहे आणि जिल्ह्यातील असंख्य साध्या घरांचा महिनाभराचा वापर त्याच्या आतबाहेर असतो, हे लक्षात घेतले म्हणजे एका रात्रीच्या या खर्चाचे प्रमाण डोळ्यांपुढे येते.

वाट तापवण्याच्या दोन पद्धती रूढ आहेत. पहिलीत प्लास्टिकच्या आवरणातील विजेच्या तारा सात ते दहा सेंटिमीटर अंतराने नागमोडी पसरून लोखंडी जाळीला बांधतात आणि त्यांवर काँक्रीट किंवा डांबर ओततात. तारेच्या अंगच्या विद्युतरोधामुळे ती तापते आणि तिची उष्णता वर चढते. दुसरीत लवचीक पण चिवट अशा विशेष पॉलिथिलीनच्या नळ्या पुरतात आणि घरातील बॉयलरमध्ये तापवलेले पाणी पंपाने त्यांतून फिरवतात, मात्र त्या पाण्यात ग्लायकॉल हे गोठणरोधक रसायन मिसळावे लागते, अन्यथा यंत्रणा बंद असताना पाणी नळीतच गोठून, गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगून, नळी फोडते. दोन्ही पद्धतींत खाली उष्णतारोधक पत्रे घालावे लागतात, कडेला पाण्याचा निचरा करावा लागतो आणि एक संवेदक बसवावा लागतो, जो हवेचे तापमान आणि पृष्ठभागावरील ओल या दोन्ही गोष्टी एकाच वेळी ओळखून यंत्रणा चालू करतो. केवळ तापमान पाहणारा स्वस्त संवेदक कोरड्या कडाक्याच्या रात्रीही वाट तापवत राहतो आणि बिल निष्कारण फुगवतो. निचऱ्याकडे दुर्लक्ष झाले तर वितळलेले पाणी उबदार भागावरून ओघळून कडेच्या थंड जमिनीवर जाते आणि तिथे काचेसारखा पारदर्शक थर होऊन गोठते, जो न दिसल्यामुळे मूळच्या बर्फापेक्षाही धोक्याचा ठरतो.

विजेच्या पद्धतीत चौरस मीटरला साधारण ४०० वॉट क्षमता ठेवतात, म्हणजे ६० चौरस मीटरला २४ किलोवॉट. अमेरिकेतील सर्वसाधारण नव्या घराची वीजजोडणी २४० व्होल्ट आणि २०० अँपिअरची, म्हणजे जास्तीत जास्त ४८ किलोवॉटच्या घरातील असते, म्हणून एकट्या अंगणाने घराच्या निम्म्या क्षमतेवर हक्क सांगितल्यासारखे होते. जुन्या घरांत जोडणी १०० अँपिअरचीच असल्यास ती वाढवणे, नवे वितरण फलक बसवणे आणि परवानाधारक तंत्रज्ञाकडून तपासणी करून घेणे हे सारे आले, आणि जाहिरातीत चौरस फुटाचा दर सांगताना हा खर्च सहसा मोजलेला नसतो.

नव्या फरसबंदीसह ही यंत्रणा बसवण्याचा खर्च अमेरिकेत ढोबळमानाने चौरस फुटाला १२ ते २५ डॉलर येतो, आणि तो शहर, मजुरी, पद्धत व वाटेचा आकार यांनुसार बराच हलतो. ६५० चौरस फुटांच्या वाटेसाठी ही रक्कम सुमारे ८,००० ते १६,००० डॉलर होते. डॉलरचा भाव ८५ रुपये धरला तर पावणेसात ते पावणेचौदा लाख रुपये. गरम पाण्याच्या पद्धतीत बॉयलर, पंप आणि नियंत्रण यांचे आणखी काही हजार डॉलर वाढतात, परंतु नैसर्गिक वायूपासून मिळणारी उष्णता अमेरिकेत घरगुती विजेच्या उष्णतेपेक्षा कितीतरी स्वस्त असल्यामुळे पुढे दरवर्षी बचत होते. म्हणून लहान वाटेला वीज आणि मोठ्या वाटेला गरम पाणी असा तेथील जाणकारांचा साधारण कल असतो. आधीच्या फरसबंदीत तारा घुसवायच्या तर ती फोडावीच लागते, आणि फोडण्याचा व मलबा उचलण्याचा खर्च वेगळा.

चालवण्याचा खर्च त्या मानाने लोकांना वाटतो तितका भयंकर नाही. शिकागोत वर्षाला सरासरी ९५ सेंटिमीटरच्या आसपास बर्फ पडतो. वरच्या हिशेबाने ६० चौरस मीटर वाटेवर तो ५,७०० किलो भरतो आणि कागदावर सुमारे ५६० युनिटे मागतो, परंतु छोट्या छोट्या हिमवर्षावांसाठीही दर वेळी थर नव्याने तापवावा लागत असल्यामुळे खरा वापर त्याच्या दुपटी-तिपटीवर जातो. युनिटाला १७ सेंट दर धरला तर वर्षाचे बिल साधारण २०० ते ३०० डॉलर होते. ईरी सरोवराच्या टोकाला असलेल्या बफेलो शहरात सरोवरावरून येणाऱ्या ओलसर वाऱ्यांमुळे वर्षाला अडीच मीटरच्या आसपास बर्फ कोसळतो, तिथे हाच आकडा अडीचपट धरावा. मोठी रक्कम आहे ती बसवण्याची. १४,००० डॉलर वीस वर्षांत वाटले, व्याज सोडून दिले आणि वर्षाचे २५० डॉलर बिल मिळवले, तरी वर्षाला साडेनऊशे डॉलर पडतात. उलट फावडे लावलेल्या ट्रकने बर्फ हटवून देणाऱ्या माणसाला संपूर्ण हंगामाचे काम दिले तर बहुतेक ठिकाणी त्याच्या निम्म्याच्या आसपास भागते, आणि बर्फ उडवणारे चांगले घरगुती यंत्र एकदाच हजार-दीड हजार डॉलरला येते. निव्वळ पैशाच्या हिशेबात सपाट जमिनीवरील सामान्य घराला हा खर्च कधीच वसूल होत नाही, आणि घराची किंमत वाढेल या आशेवर तो करणे तर मुळीच शहाणपणाचे नाही.

तरीही माणसे हा खर्च करतात आणि त्यामागची कारणे हलकी नाहीत. ९०० किलो बर्फ फावड्याने उचलून बाजूला टाकणे म्हणजे पहाटेच्या कडाक्यात, बैठ्या कामाची सवय झालेल्या शरीराने, दम रोखून केलेले हमालीचे काम होय. ओल्या बर्फाचे वजन तर दुपटीहून अधिक भरते. थंडीने रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात, वाकून उचलण्याने रक्तदाब एकदम चढतो, आणि हृदयाला रक्त कमी पडण्याची वेळ नेमकी त्याची मागणी सर्वाधिक असतानाच येते. कॅनडातील क्वेबेक प्रांतातील १९८१ ते २०१४ या काळातील नोंदींवर आधारलेला आणि २०१७ साली कॅनडाच्या वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की मोठ्या हिमवर्षावानंतरच्या दिवशी पुरुषांमध्ये हृदयविकाराचा झटका येण्याचे आणि त्याने मृत्यू ओढवण्याचे प्रमाण वाढते. दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांत हृदयविकार तुलनेने कमी वयात गाठतो हे वैद्यकशास्त्राने पुरेसे दाखवून दिलेले असल्यामुळे, पन्नाशी ओलांडलेल्या मराठी गृहस्थाने फावडे हाती घेण्याआधी दोनदा विचार करावा. त्याला पर्याय म्हणून चौदा हजार डॉलर खर्च करण्याची गरज नाही, बर्फ हटवणाऱ्याला पैसे देणेही पुरते. परंतु वाट जर राजूर घाटाच्या उतारासारखी तीव्र असेल, घरात चाकाच्या खुर्चीवर असणारे कोणी असेल किंवा रात्री-अपरात्री रुग्णालयात धाव घ्यावी लागणारा डॉक्टर तिथे राहत असेल, तर वाट गरम करण्याचा निर्णय समर्थनीय ठरतो. तसे असतानाही सगळी वाट तापवण्याऐवजी मोटारीच्या चाकांखाली येणारे दोन पट्टे आणि दारापुढील पायऱ्या एवढ्यावर भागवले तर खर्च निम्म्याखाली येतो.

स्वस्त पर्याय म्हणून मीठ टाकण्याची पद्धत सर्वत्र आहे, पण त्याची किंमत दुसऱ्या खात्यात लिहिली जाते. साधे मीठ उणे ९ अंशांच्या खाली फारसे उपयोगी पडत नाही. मिठाचे क्लोराइड काँक्रीटमध्ये झिरपून आतल्या लोखंडाला गंज चढवते, मोटारींचे तळ खाते आणि उन्हाळा लागताच ओढ्या-नाल्यांत उतरून गोड्या पाण्यातील जीवांना बाधते. खारपाणपट्ट्यातील, म्हणजे पूर्णा खोऱ्यातील भूजल खारट असलेल्या प्रदेशातील, संग्रामपूर-जळगाव जामोद-शेगावकडील शेतकऱ्याला पाण्यात मीठ वाढणे म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही.

उष्णता विकत घ्यावी लागली तर गरम अंगण चैन ठरते, आणि ती उरलेली किंवा जमिनीतून येणारी असली तर तेच अंगण संपूर्ण गावाला परवडते, हे जगातील काही जुन्या उदाहरणांवरून स्पष्ट होते. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात क्लॅमथ फॉल्स या, भूगर्भातील गरम पाण्यावर वसलेल्या गावात १९४८ साली चढावाच्या एका रस्त्याखाली लोखंडी नळ्या घालून गरम विहिरीच्या उष्णतेने तो रस्ता बर्फमुक्त ठेवण्यात आला. ती यंत्रणा सुमारे अर्धशतक टिकली आणि १९९८ साली नव्या नळ्यांनी बदलली गेली. आइसलँडची राजधानी रेक्याविक येथे घरे तापवून परतणारे, साधारण ३० ते ३५ अंशांपर्यंत निवालेले भूऔष्णिक पाणी वाया न घालवता पदपथ आणि वाहनतळांखालून फिरवतात, म्हणजे घर तापवण्यासाठी एकदा वापरलेली उष्णता दारातील बर्फासाठी दुसऱ्यांदा कामी येते. मिशिगनमधील हॉलंड या छोट्या शहराने १९८८ साली मुख्य बाजारपेठेचे नूतनीकरण करताना तेथील उद्योगपती एडगर प्रिन्स यांच्या पुढाकाराने आणि आर्थिक साह्याने असाच मार्ग धरला. वीज केंद्रातून सरोवरात सोडले जाणारे कोमट पाणी रस्ते व पदपथांखालच्या नळ्यांतून खेळवले, आणि आज बाजारपेठेतील लोक भर हिवाळ्यात कोरड्या फरशीवरून चालतात. औष्णिक वीज केंद्रात जळणाऱ्या इंधनातील निम्म्याहून अधिक उष्णता वीज न बनता बाहेर टाकली जाते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या शहराने किती शहाणपणाने उष्णता वेचली हे कळते.

जपानच्या निगाता प्रांतातील नागाओका शहराने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून आणखी सोपा उपाय केला. तेथील भूजल बारमाही १३-१४ अंशांवर असते, म्हणून रस्त्याच्या मधोमध छिद्रांच्या नळ्या पुरून ते पाणी थेट बर्फावर शिंपडले आणि बर्फ वाहून गेला. उष्णता फुकट होती, पण पाणी फुकट नव्हते: उपसा वाढला तशी प्रांतातील काही भागांत भूजलाची पातळी उतरली आणि जमीन खचू लागली, त्यामुळे पुढे पंप किती वेळ चालवावेत यावर बंधने आली. बोअरवेलवर संत्रा आणि केळीची बाग जगवणाऱ्यांना हा अनुभव परका वाटणार नाही. स्वित्झर्लंडमध्ये थुन सरोवराकाठी डेर्लिगन येथे १९९४ साली झालेला प्रयोग मात्र या सर्वांत विचार करायला लावणारा आहे. महामार्गावरील १,३०० चौरस मीटरच्या पुलात नळ्या घालून उन्हाळ्यात तापलेल्या पृष्ठभागाची उष्णता पाण्याने काढून घेतात, ती शेजारच्या खडकात ६५ मीटर खोल अशा ९१ छिद्रांतून साठवतात आणि हिवाळ्यात तीच परत आणून पुलावर बर्फ धरू देत नाहीत.

हा प्रयोग बुलढाणा जिल्ह्यात कसा उलटा लागू होतो हे पाहण्याजोगे आहे. विसाव्या अक्षांशाच्या किंचित उत्तरेस असलेल्या या जिल्ह्यात मे महिन्याच्या चौथ्या आठवड्यात सूर्य माथ्यावर येतो, आणि त्या सुमारास एक चौरस मीटर उघड्या जमिनीवर दिवसभरात साडेसहा ते सात युनिटे सौर ऊर्जा पडते. वरच्या हिशेबाने ती जवळपास ७० किलो बर्फ वितळवण्यास पुरेल. शिकागोतील गृहस्थ जी उष्णता पैसे मोजून चौरस फुटाच्या दराने विकत घेतो, ती खामगाव-मलकापूरच्या अंगणात न मागता येते आणि तिथे तिचे काय करायचे हाच प्रश्न असतो. मुरमाच्या किंवा शेणाने सारवलेल्या अंगणाची जागा गेल्या काही दशकांत काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉकने घेतली; पावसाळ्यातील चिखल गेला, मोटार सरळ दारात येऊ लागली आणि झाडलोट सोपी झाली, हे लाभ खरे आहेत आणि ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु काँक्रीटचा थर दिवसभर उष्णता पोटात घेतो आणि सूर्य मावळल्यावर मध्यरात्रीपर्यंत ती भिंतींना व माणसांना परत देत राहतो, आणि घाटाखालच्या गावांत पारा ४४-४५ अंशांवर गेलेल्या दिवसांत ती परतफेड कूलरच्या आणि आता वातानुकूलन यंत्राच्या बिलात उतरते.

अंगणात साठलेली ही उष्णता काढून टाकण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग पाण्याच्या बाष्पीभवनाचा आहे. एक किलो पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते, म्हणजे तेवढाच बर्फ वितळण्यास लागणाऱ्या उष्णतेच्या सातपट. १० लिटरची एक बादली मातीच्या अंगणात मुरून हळूहळू उडून गेली, तर ती एका चौरस मीटरवरील दिवसभराच्या उन्हाइतकी उष्णता बरोबर नेते. पूर्वी संध्याकाळी अंगणात टाकला जाणारा सडा हेच काम करत असे. गुळगुळीत काँक्रीटवर मात्र पाणी मुरत नाही, ते उतारावरून नालीत जाते आणि गारवा देण्याआधीच हातचे सुटते. ज्या गावांत उन्हाळ्यात टँकर येतात तिथे सड्याचा आग्रह धरणे योग्य नाही, पण कडुनिंबाचे एक झाड आपल्या मुळांनी खोलवरचे पाणी ओढून पानांवाटे हेच बाष्पीभवन दिवसभर करते, आणि ऊन जमिनीवर पोहोचण्याआधीच अडवते, हे त्याचे दुहेरी काम कोणत्याही यंत्राने इतक्या कमी खर्चात केलेले नाही.

शिकागोत आणि चिखलीत अंगण घालणाऱ्याने एक गोष्ट सारखीच ध्यानात ठेवावी लागते: जे काही करायचे ते काँक्रीट ओतण्याआधी करायचे असते. तिकडे नळ्या, उष्णतारोधक पत्रे आणि निचरा ठरवून घ्यावा लागतो. इकडे मोटारीच्या चाकांपुरते दोन पट्टे पक्के करून मधला भाग मातीचा किंवा मुरमाचा ठेवणे, पश्चिमेकडे झाडासाठी किमान दीड मीटर चौरसाचे मोकळे आळे सोडणे, उर्वरित भागात सांध्यांतून पाणी मुरेल असे ब्लॉक सिमेंटने न भरता वाळूत बसवणे आणि साऱ्या अंगणाचा उतार रस्त्याकडे न देता शोषखड्ड्याकडे देणे एवढी कामे गवंड्याला पहिल्या दिवशीच सांगावी लागतात. त्यांतील बहुतेक कामांनी सिमेंटचा वापर घटतो, म्हणून एकूण खर्च वाढण्याऐवजी कमीच येतो. मागाहून फोडाफोड करून तेच करायचे ठरवले, तर ब्रेकर मशीनचे भाडे, मलबा वाहून नेणाऱ्या ट्रॉलीचे पैसे आणि पुन्हा फरसबंदीची मजुरी असा तिहेरी भुर्दंड पडतो, आणि लावलेल्या झाडाची सावली दारापर्यंत यायला त्यानंतरची आठ-दहा वर्षे लागतात.